घोडदळाला बेस कोणता: २५ बाय ५० की ३० बाय ६०?

रिकीब:

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण तीन आठवडे मी त्यावरच अडून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पटावरच्या युद्धखेळांसाठी माझ्याकडे २८ मिमी स्केलचे वीस नाइट, म्हणजे घोडेस्वारांच्या छोट्या मूर्ती, आहेत. बेस म्हणजे मूर्तीखालची पाटी, मापं मिमीत. दहा जुने, धातूचे, कुणीतरी फार पूर्वी २५ बाय ५० च्या बेसवर चिकटवलेले. दहा नवे, प्लास्टिकचे, पूर्ण पाखर म्हणजे घोड्याचं चिलखत घातलेले. नव्यांपैकी चार मी जुन्यांशी जुळावेत म्हणून २५ बाय ५० वरच लावले आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बेसला बेस लागतच नाही. पाखरीची झूल दोन्ही बाजूंनी बाहेर येते. मोजपट्टी लावली तर एका घोड्याची रुंदी पोटापाशी २९ मिमी भरली. जबरदस्तीने दाबून बसवले आणि मागे दुसरी फळी लावायला गेले, तर मागच्या घोड्याचं नाक पुढच्याच्या शेपटीवर चढलं आणि निशाणवाल्या स्वाराचा भाला मुठीपासून मोडला. तो भाला मी दोन संध्याकाळी बसून रंगवला होता. पांढऱ्यावर निळी तिरकी पट्टी, टोकापर्यंत गुंडाळत नेलेली.

मी तीन खेळ खेळते. मैत्रीण द ओल्ड वर्ल्ड खेळते, मावसभाऊ किंग्ज ऑफ वॉर खेळतो (दोन्हींत मूर्ती रांगा करून लढतात), आणि अधूनमधून मिडल-अर्थचे नियम वापरून छोट्या चकमकी होतात, तिथे घोडा ४० मिमीच्या गोल बेसवर असतो. तिन्हींना चालेल असा एकच बेस असतो का? की वीसच्या वीस उचकटून ३० बाय ६० वर घ्यावेत? धातूच्या घोड्यांचे पाय घोट्यापाशी काडीसारखे बारीक आहेत, उचकटायची भीती वाटते.

उरलेले सहा घोडे अजून बेसशिवाय आहेत. उत्तर मिळेपर्यंत त्यांना हात लावणार नाही.


मोजपट्टी:

रिकीबताई, त्या सहांना खरंच हात लावू नका. आधी थोडं गणित करू, मग गोंद.

लोक बेसकडे मूर्तीखालची पाटी म्हणून बघतात. रांगेत लढणाऱ्या खेळात तसं नसतं. तिथे बेस म्हणजेच घोडा. वर काय उभं आहे ते डोळ्यांसाठी, नियम मात्र खालचा चौकोन मोजतो. म्हणून "मूर्ती कशावर मावते" हा प्रश्न दुसरा, "समोर कोण उभं राहणार आहे" हा पहिला.

द ओल्ड वर्ल्डचा पूर्वज असलेल्या जुन्या वॉरहॅमरमध्ये माणूस २० बाय २० वर आणि घोडेस्वार २५ बाय ५० वर असायचा. तो खेळ २०१५ साली थांबला. जानेवारी २०२४ मध्ये द ओल्ड वर्ल्ड आला तेव्हा माणूस २५ बाय २५ वर गेला आणि नाइट ३० बाय ६० वर. बेस मोठे झाले असं सगळे म्हणाले, ते खरंच आहे. पण प्रमाण बघा. आधी घोडा माणसाच्या सव्वापट रुंद होता, आता एक पूर्णांक दोन दशांश पट. जवळपास तेच. म्हणजे फळीला फळी भिडते तेव्हा पूर्वी जसं जमत होतं तसंच आताही जमतं, फक्त सगळं थोडं ऐसपैस झालं.

बिघडतं ते मिसळल्यावर. तुमचे नाइट जुन्या २५ वर आणि मैत्रिणीचे पायदळ नव्या २५ वर, असं असेल तर तुमचा घोडा तिच्या माणसाइतकाच अरुंद होतो. पाच नाइटांची फळी १५० मिमीऐवजी १२५ मिमीत बसते. तिच्या सहा माणसांपुढे जे पाच घोडे यायला हवेत, ते पाच माणसांपुढेच दाटीने उभे राहतात. प्रत्येक घोड्याची रग तितक्याच कमी जागेत ओतली जाते. तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसतं, पण तिला तो डाव जड जातो आणि का जड जातोय ते पटावर दिसतही नाही. मी एक अख्खा हंगाम असा खेळलो आहे, समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत. ते अजून मनाला लागतं.

उलट बाजूही आहे. रुंद फळी वळायला जड. फळी एका कोपऱ्यावर फिरते तेव्हा बाहेरचा कोपरा कंस काढत चालतो आणि चाल त्या कंसावर मोजली जाते. चाल ८ इंच धरा, म्हणजे २०३ मिमी. १२५ मिमीची फळी काटकोनात वळवायला बाहेरच्या कोपऱ्याला १९६ मिमी लागतात, म्हणजे वळून वर ७ मिमी शिल्लक. १५० मिमीच्या फळीला त्याच वळणाला २३६ मिमी हवेत. ती साधारण ७८ अंशांवर थांबते. शेवटचे बारा अंश राहून जातात आणि शत्रूची बगल डोळ्यांसमोरून निसटते. ज्याने हे पटावर एकदा अनुभवलं तो बेसच्या पाच मिलिमीटरला पाच मिलिमीटर म्हणणार नाही.

बगलेचंही तसंच. दोन फळ्या खोल युनिट २५ बाय ५० वर १०० मिमी लांब, ३० बाय ६० वर १२० मिमी. पायदळ २५ वर असेल तर पहिल्याच्या बगलेला चार माणसं लागतात, दुसऱ्याला जवळजवळ पाच.

आता मूर्तीकडे येतो. खरा घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण २.४ मीटर धरला आणि २८ मिमीच्या मूर्तींचं स्केल १:५६ मानलं, तर मूर्ती ४३ मिमी भरते. हे उभ्या घोड्याचं. ५० मिमीच्या बेसवर पुढेमागे मिळून ७ मिमी मोकळे. घोडा मान ताणून चौखूर धावत असेल तर ते सात संपले. ३० बाय ६० वर १७ मिमी मोकळे राहतात. तुमचं नाकाला शेपूट लागणं तिथेच सुटतं. २९ मिमीची पाखरही ३० मध्ये केसभर जागा ठेवून बसते.

तेव्हा माझं मत: ओल्ड वर्ल्डसाठी ३० बाय ६०, त्यात चर्चा नको. मैत्रिणीच्या समोर बसताना तेवढं आपण देणं लागतो.

जुने धातूचे मात्र उचकटू नका. त्यांचा २५ बाय ५० तसाच ठेवा आणि त्याला बाहेरून चौकट घाला. दोन्ही बाजूंना अडीच मिमी, पुढेमागे पाच पाच. चौकटीवर वाळू लावून त्याच रंगाने रंगवलं की हातभर अंतरावरून सांधा दिसत नाही.


दुहेरी फळी:

मोजपट्टी यांचं गणित बरोबर आहे, पण "चर्चा नको" हे मला मान्य नाही. ते एकाच खेळाचं बोलतायत. मावसभावाचं काय?

किंग्ज ऑफ वॉरमध्ये घोडदळ आजही २५ बाय ५० वर मोजतात. पाचांचा ट्रूप १२५ बाय ५०, दहांची रेजिमेंट १२५ बाय १००, वीसांचं होर्ड २५० बाय १००. एकेक मूर्ती मरत नाही, जखमा सगळ्या युनिटवर साठत जातात. किती मूर्ती समोरच्याला टेकल्या याला किंमत नाही, रेजिमेंटचे हल्ले ठरलेले असतात. वळतानाही युनिट मध्यबिंदूवर फिरतं, बाहेरच्या कोपऱ्याचा तो कंस कुणी मोजत नाही. त्यामुळे वरचा अर्धा हिशेब इथे लागूच पडत नाही. इथे महत्त्व आहे ते पटावरच्या एकूण जागेला. दोन अडथळ्यांमध्ये ५ इंचांची फट असेल तर ती १२७ मिमी. १२५ ची रेजिमेंट त्यातून जाते. तुमचे दहा नाइट ३० बाय ६० वर नेले तर १५० बाय १२० होतात आणि त्या फटीपाशी अडून राहतात. मावसभाऊ आनंदाने हो म्हणेल, कारण नुकसान तुमचं आहे.

मी काय करतो ते सांगतो. १२५ बाय १०० चा एकच मोठा तळ घेतो आणि त्यावर दहाऐवजी आठच घोडे बसवतो, चार पुढे, चार मागे. चारांना १२५ मिमी म्हणजे प्रत्येकाला ३१ मिमीच्या वर मिळतात. तुमची २९ ची पाखर त्यात आरामात मावते. मागचे चार बरोबर पाठीमागे न ठेवता पुढच्यांच्या फटींसमोर सरकवायचे, म्हणजे नाकं दोन शेपट्यांच्या मधे येतात. एकदा हे केलंत की घोडदळ मोजणीच्या डब्यांसारखं दिसत नाही, धावत सुटल्यासारखं दिसतं. माझ्या एका रेजिमेंटमध्ये पुढच्या डाव्या कोपऱ्यातला घोडा ठेचकाळतोय आणि त्याच्यामागचा अबलख त्याला चुकवायला मान वळवतोय. हे वेगवेगळ्या बेसवर कधीच जमलं नसतं.

आणि भाला मोडला तो जोडताना नुसता सुपरग्लू वापरू नका. अर्ध्या मिमीचं भोक पाडून पितळेची तार घाला. मुठीपाशी परत परत तिथेच मोडतो.


गोल बेस:

मी रांगेचे खेळ खेळत नाही, त्यामुळे चकमकीपुरतंच बोलते.

मिडल-अर्थमध्ये पायदळ २५ मिमी गोल, घोडा ४० मिमी गोल. एज ऑफ सिग्मार या आणखी एका युद्धखेळात घोड्यांना लंबगोल, ६० बाय ३५ किंवा मोठ्या जनावरांना ७५ बाय ४२. गोलाकडून चौकोनाकडे जाताना लोक एक चूक करतात, ती करू नका: ६० बाय ३५ चा लंबगोल ३० बाय ६० च्या जागी चालेल असं समजतात. लांबी जुळते, रुंदी ५ मिमी जास्त. पाचांची फळी १७५ मिमी होते.

आणि २५ बाय ५० चा बेस ४० च्या गोलावर ठेवता येत नाही. त्याचा कर्णच जवळपास ५६ मिमी आहे, म्हणजे खाली ६० चा गोल लागेल. चकमकीत ६० चा घोडा म्हणजे दारातून न जाणारा घोडा. झाडांच्या मधून वाट काढणं हाच तर त्या खेळातला आनंद असतो.

म्हणून बेसकडून नका निघू, खुरांकडून निघा. घोड्याची पाठ कितीही लांब असली तरी उभ्या किंवा दुडकी चालणाऱ्या घोड्याचे खूर कमी जागेत असतात. एक पातळ पाटी घ्या, १८ बाय ३४ मिमी, आणि घोडा फक्त तिच्यावर कायमचा चिकटवा. तिचा कर्ण साडेअडतीस मिमी होतो, ४० च्या गोलात बसतो. कोपरे मात्र काचकागदाने गोल घासून घ्या, नाहीतर गोलाची कड त्या चार ठिकाणी मिमीपेक्षा पातळ राहते आणि तुटते. माझ्या तुटल्या आहेत. पाटीखाली दोन चुंबक, ५ बाय १ मिमीचे, एक पुढच्या पायांखाली आणि एक मागच्या. एकच मधे लावलात तर घोडा भोवऱ्यासारखा फिरतो.

मग वरची पाटी तीच, खालची जागा बदलायची. ३० बाय ६० चा बेस दोन थरांचा करा: खाली पोलादी पत्रा, वर २ मिमीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी), त्यात पाटीच्या मापाचा खळगा. ४० चा गोल तसाच. दुहेरी फळी म्हणतात तो १२५ बाय १०० चा तळही तसाच, आठ खळग्यांचा.

चौखूर धावणाऱ्या घोड्याला हे लागू नाही. त्याचे पुढचे आणि मागचे खूर ३४ च्या बाहेर जातात.


रिकीब:

तिघांचे मनापासून आभार. आज दिवसभर यातच होते, काय केलं ते सांगते.

आधी सगळे घोडे ओळीने मांडून खुरांची मापं घेतली. बेस नसलेल्या सहांपैकी चार ३४ च्या आत आले, सगळ्यात आखूड २७ वर. तो मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आहे, त्याला तर १८ बाय ३० सुद्धा पुरली असती. दोन चौखूर धावणारे, ४१ आणि ४४. त्यांना १८ बाय ४६ ची पाटी दिली. ते चकमकीला जाणार नाहीत, मोठ्या लढाईतच धावतील.

मग पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, १५० बाय १२० आणि १२५ बाय १००, आणि मैत्रिणीला बोलावून तिच्या पायदळाविरुद्ध तोच डाव दोनदा मांडला. पहिल्यांदा लहान पुठ्ठा. तिसऱ्या फेरीत मी टेकडीच्या कडेने आत वळले आणि तिच्या धनुर्धारींच्या बगलेवर पोचले. दुसऱ्यांदा मोठा पुठ्ठा, तीच जागा, तेच वळण, आणि बाहेरचा कोपरा टेकडीशी पोचायच्या आत चाल संपली. मोजपट्टी यांचे ते बारा अंश मी बोटाने मोजले. मैत्रीण काही बोलली नाही, फक्त लहान पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. तेव्हा मला पटलं. तिच्यासमोर ३० बाय ६० च.

दुहेरी फळी, तुमची चार-चारची मांडणीही करून पाहिली, ब्लू टॅकच्या (परत काढता येणाऱ्या चिकट लगद्याच्या) गोळ्यांवर. अगदी तुम्ही म्हणता तसं. मागच्या फळीतला एक घोडा दोन शेपट्यांच्या मधून डोकं काढतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवरची लोखंडी झापड पहिल्यांदा नीट दिसली. रंगवताना मी तिच्यावर मेहनत घेतली होती आणि आजवर ती कुणाला दिसलीच नव्हती.

एक अडचण आहे. आधीच २५ बाय ५० वर चिकटवलेले चार प्लास्टिकचे. त्यांना चौकट घालू की सोडवू? आणि धातूच्या घोड्यांचं वजन चुंबक पेलतील का? चुंबक लावलेला एक स्वार युनिट सरकवायच्या ट्रेवर ठेवून ट्रे तिरका केला तर तो घसरत खाली आला.


मोजपट्टी:

दुहेरी फळी यांचा आक्षेप मान्य. "चर्चा नको" म्हणायला नको होतं, मी एकाच पटाचा विचार करत होतो.

प्लास्टिकचे चार सोडवा. सुपरग्लू असेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तास-दोन तास ठेवा, थंडीने तो ठिसूळ होतो. मग पातळ पातं खुराखाली सपाट सरकवा. वर उचलू नका, कडेकडेने कापत जा. प्लास्टिक सिमेंट वापरला असेल तर मात्र खूर आणि बेस एकजीव झालेले असतात, तिथे फ्रीझरचा उपयोग नाही. बेसच खुरांभोवती करवतीने कापून घ्या आणि तो तुकडा घासून पाटी बनवा. त्याची जाडी इतर पाट्यांइतकी आहे ना ते बघा, नाहीतर एकच घोडा उंचावर दिसेल.

धातूच्यांना अरुंद पाटी देऊच नका. जड स्वार, बारीक पाय आणि १८ मिमीची पाटी हे जुळत नाही, टेबलाला धक्का लागला की पहिला तोच आडवा होतो. त्यांचा २५ बाय ५० ठेवा, खाली चार चुंबक, चारही कोपऱ्यांत. चुंबक बेसच्या तळाशी अगदी समपातळीत आला पाहिजे. अर्धा मिमी आत राहिला तरी पकड निम्म्याहून जास्त जाते. तुमचा स्वार घसरला तो बहुतेक याच कारणाने. नख फिरवून बघा, खड्डा लागतो का.

ऑस्प्रे प्रकाशनाचा ओथमार्क हा रांगांचा खेळ कधी खेळलात तर तेच जुने दहा चौकटीशिवाय जसेच्या तसे चालतील. तिथे पायदळ २५ बाय २५, घोडदळ २५ बाय ५०, आणि पाचांची फळी.

आणि बेसच्या खाली आकडे घाला. कोणता घोडा कुणाच्या शेजारी नीट बसतो ते एकदा लावून सापडलं की १ ते १० लिहून ठेवा. मान डावीकडे वळलेला घोडा डाव्या टोकाला, उजवीकडे वळलेला उजव्या. दर डावाला तीच कोडी सोडवत बसायला नको.


दुहेरी फळी:

आकड्यांबरोबर फळीचा बाणही काढा. माझ्याकडे आकडे आहेत, पण पुढची कड कुठली ते अंधुक उजेडात कळत नाही.

पाखरी अजूनही घासत असतील तर एक सोडून एक घोड्याखाली २ मिमी बुचाची चकती द्या. झुलीच्या कडा एकाच उंचीवर येतात म्हणून घासतात. एक वर, एक खाली केला की एकमेकींच्या वरून जातात, आणि जमीनही खरी उंचसखल दिसते.


रिकीब:

नख लागलं. चुंबक लावलेल्या चारही धातूच्या स्वारांच्या खाली खड्डा होता. एकेक चुंबक काढून कागदाचा तुकडा मागे घालून परत बसवला, आता ट्रे उभा धरला तरी स्वार जागचा हलत नाही.

चार प्लास्टिकचे फ्रीझरमधून आत्ताच बाहेर काढले. तीन अलगद सुटले. चौथा, तोच निशाणवाला, एका खुरापाशी अडला आहे, तिथे बहुतेक मी सिमेंट लावला होता. त्याला करवत लागेल. त्याच्या भाल्यात पितळेची तार घातली आहे आणि निळी पट्टी सांध्यावरून परत ओढली, फक्त सांध्यापाशी निळा एक छटा गडद आलाय. तिथे पांढरा पुन्हा देऊन बघते आणि मग दुसऱ्या फळीच्या बेसना वाळू लावायला घेते.